टेप कोणी पाठवली?

गेल्या महिन्यात आमच्या अभ्यासगटातल्या पंधरा-सोळा मुलामुलींनी मिळून मायकेल हानेके यांचा 'काशे' हा फ्रेंच चित्रपट पाहिला. फ्रेंचमध्ये 'काशे' म्हणजे लपवलेलं. चित्रपट संपला, कुणीतरी दिवा लावला आणि पहिला प्रश्न आला, "पण सर, त्या टेप पाठवल्या कोणी?" पुढचा पाऊण तास त्यावरच गेला. एकाने मजीदचं नाव घेतलं, दुसऱ्याने त्याच्या मुलाचं. एकीला जॉर्जच्या मुलावर संशय होता. शेवटी एक जण वैतागून म्हणाला, "दोन तास बसवून ठेवलं आणि उत्तरच दिलं नाही. ही फसवणूक आहे."

हा लेख त्या मित्रासाठी आहे. ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांना आधीच सांगतो, पुढे गोष्ट शेवटापर्यंत आली आहे.

जॉर्ज लॉराँ हा पॅरिसमधला सुखवस्तू माणूस. टीव्हीवर पुस्तकांविषयी चर्चेचा कार्यक्रम चालवतो. बायको ॲन प्रकाशनाच्या क्षेत्रात आहे. पिएरो नावाचा बारा वर्षांचा मुलगा आहे. एके दिवशी दारात एक व्हिडिओ कॅसेट सापडते. त्यांच्याच घराचं, समोरच्या गल्लीतून केलेलं लांबलचक चित्रण. धमकी नाही, पैशाची मागणी नाही. मग आणखी कॅसेट येतात आणि त्यांच्यासोबत लहान मुलाने काढावीत तशी चित्रं. तोंडातून रक्त येणारा मुलगा. मान कापलेला कोंबडा. एका कॅसेटमध्ये जॉर्जचं लहानपणचं घर दिसतं, तर दुसरीत गरीब वस्तीतल्या एका इमारतीतलं एक बंद दार.

त्या दारामागे मजीद राहतो. त्याचे अल्जेरियन आईवडील जॉर्जच्या घरच्या शेतावर कामाला होते. १७ ऑक्टोबर १९६१ रोजी ते पॅरिसच्या मोर्चाला गेले आणि परत आलेच नाहीत. जॉर्जच्या आईवडिलांनी पोरक्या मजीदला दत्तक घ्यायचं ठरवलं. सहा वर्षांच्या जॉर्जला घरात वाटेकरी नको होता. मजीद रक्त ओकतो, असं त्याने आधी खोटंच सांगितलं. डॉक्टरला काही सापडलं नाही. मग त्याने मजीदला सांगितलं, बाबांनी तुला कोंबडा मारायला सांगितलंय. मजीदने मारला. जॉर्जने घरात सांगितलं, मला घाबरवायला त्याने हे केलं. मजीदची रवानगी अनाथाश्रमात झाली. त्याचं घर गेलं, शाळा गेली, होऊ शकलं असतं ते आयुष्य गेलं.

१७ ऑक्टोबर १९६१ ही तारीख आमच्या गटात कुणालाच माहीत नव्हती. खुद्द फ्रान्समध्येही तिच्याविषयी अनेक दशकं फार कमी बोललं गेलं. अल्जेरियाचं स्वातंत्र्ययुद्ध १९५४ पासून चालू होतं. त्याची झळ पॅरिसपर्यंत पोहोचली होती. अल्जेरियन संघटना एफएलएनचे लोक तिथल्या पोलिसांवर हल्ले करत होते आणि पोलीस अल्जेरियन वस्त्यांवर तुटून पडत होते. ५ ऑक्टोबरला पॅरिसचे पोलीसप्रमुख मॉरिस पापाँ यांनी रात्रीची संचारबंदी जाहीर केली. ती सगळ्यांसाठी नव्हती. सरकारी कागदात ज्यांना 'अल्जेरियाचे फ्रेंच मुसलमान' म्हटलं जाई, फक्त त्यांच्यासाठी होती. म्हणजे हे लोक कागदोपत्री फ्रेंच होते आणि रात्री साडेआठनंतर मुसलमान.

या संचारबंदीविरुद्ध एफएलएनने १७ ऑक्टोबरला मोर्चाची हाक दिली. शस्त्र आणायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. हजारो लोक बायकामुलांसह आले. पोलिसांनी त्यांना झोडपलं, गोळ्या घातल्या, काहींना सेन नदीत फेकलं. अकरा हजारांहून अधिक लोकांना पकडलं गेलं. सरकारने सुरुवातीला दोन-तीन मृत्यू मान्य केले. इतिहासकारांचे अंदाज काही डझनांपासून दोनशेच्या वर जातात. नेमका आकडा आजही नाही, कारण तो निघू नये अशीच व्यवस्था होती. १९६२ मध्ये युद्ध संपलं, सर्वांना माफी देणारे हुकूम निघाले आणि त्या रात्रीसाठी कुणालाही शिक्षा झाली नाही. पापाँ १९६७ पर्यंत त्याच खुर्चीवर होते. पुढे मंत्रीही झाले. त्यांना शिक्षा झाली ती १९९८ मध्ये आणि तीही वेगळ्या गुन्ह्यासाठी. दुसऱ्या महायुद्धात बोर्दो शहरातून यहुदींना छळछावण्यांकडे पाठवण्यात त्यांचा हात होता. यहुदी आणि अल्जेरियन, दोघांच्या यातनांचे कागद एकाच माणसाच्या टेबलावरून गेले होते. 'त्यांचं दुःख' आणि 'आपलं दुःख' असे गट पाडणाऱ्यांनी हे जरा लक्षात ठेवावं.

'काशे' फ्रान्समध्ये ऑक्टोबर २००५ मध्ये प्रदर्शित झाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत तिथल्या संसदेने एक कायदा केला होता. फ्रेंच राजवटीची, विशेषतः उत्तर आफ्रिकेतली, 'सकारात्मक भूमिका' शाळांमधून शिकवावी, असं त्यातल्या एका कलमात म्हटलं होतं. बऱ्याच विरोधानंतर पुढच्या वर्षी ते कलम रद्द झालं. चित्रपट लागल्यावर तीनच आठवड्यांनी, पोलिसांपासून लपताना विजेच्या उपकेंद्रात शिरलेली दोन मुलं मेली आणि पॅरिसची उपनगरं पेटली. सरकारने आणीबाणी जाहीर केली. कायदा कोणता वापरला? १९५५ चा, अल्जेरियाच्या युद्धासाठी केलेला. लपवलेली कॅसेट अशी आपोआप चालू होते.

आता टेपांकडे येऊ.

पहिलंच दृश्य आठवा. एक घर, एक गल्ली, काहीच घडत नाही. आपल्याला वाटतं, चित्रपट सुरू झालाय. मग मागून आवाज येतात, चित्र उलटं पळू लागतं आणि कळतं, आपण जॉर्ज-ॲनच्या टीव्हीवरची कॅसेट पाहत होतो. हानेके यांनी चित्रपट आणि कॅसेट यांच्या प्रतिमेत फरकच ठेवलेला नाही. पार्श्वसंगीतही नाही, की कुठे घाबरायचं, कुठे रडायचं ते कळावं. पुढे प्रत्येक स्थिर दृश्यात आपण विचारत राहतो, हे आता कोण बघतंय? गल्लीत कॅमेरा ठेवायला जागा कुठे, हेही नीट समजत नाही. जॉर्ज तिथून चालत जातो आणि त्याला काही दिसत नाही. त्या टेप जणू दिग्दर्शकानेच पाठवल्या आहेत, असं काही समीक्षक म्हणतात. मला ते पटतं, पण पुरेसं वाटत नाही.

कारण 'टेप कोणी पाठवली' हा प्रश्न मुळात जॉर्जचा आहे. संपूर्ण चित्रपटभर तो एकच विचारतो, माझ्याशी हे कोण करतंय? मी काय केलं होतं, हे तो स्वतःला विचारत नाही. मजीदच्या दारात तो चाळीसेक वर्षांनी उभा राहतो. मजीद त्याला ओळखतो, आत घेतो, अदबीने बोलतो, टेपांविषयी आपल्याला काही माहीत नाही असं सांगतो. जॉर्ज त्याला धमकी देऊन निघतो. घरी येऊन बायकोला सांगतो, तिथे कुणी नव्हतं. पुढच्या कॅसेटमध्ये ती सगळी भेट असते. जॉर्ज गेल्यावर एकटा बसून रडणारा मजीदही असतो. ॲन ते पाहते. नवऱ्याचं चाळीस वर्षांपूर्वीचं खोटं तिला एकवेळ समजलं असतं, कालचं खोटं तिला सहन होत नाही.

मग एका रात्री पिएरो घरी येत नाही. जॉर्ज पोलिसांना घेऊन मजीदच्या घरी जातो. मजीद आणि त्याचा मुलगा रात्रभर कोठडीत राहतात. पिएरो मित्राकडे झोपलेला असतो. म्हणजे सहाव्या वर्षी केलेलं जॉर्ज पुन्हा एकदा करतो. तेव्हा डॉक्टर बोलावला होता, आता पोलीस बोलावतो. काही दिवसांनी मजीद त्याला घरी बोलावतो. टेपांचं मला खरंच माहीत नव्हतं, तू इथे हजर असावास म्हणून बोलावलं, एवढं सांगतो आणि त्याच्यासमोर स्वतःचा गळा चिरतो.

जॉर्ज तिथून निघून आधी सिनेमाला जातो. पुढे मजीदचा मुलगा त्याला ऑफिसात गाठतो. एका माणसाचं आयुष्य जमिरावर घेऊन जगताना कसं वाटतं, एवढंच त्याला पाहायचं असतं. जॉर्ज त्यालाही धमकावतो. मग घरी येतो, दोन गोळ्या घेतो, पडदे ओढतो आणि झोपतो.

आमच्या चर्चेत एका मुलीने जॉर्जची बाजू घेतली. "सहा वर्षांच्या पोराला काय कळतं? त्याला आयुष्यभर गुन्हेगार ठरवायचं का?" तिचं म्हणणं योग्य आहे. जॉर्जही ॲनला नेमकं हेच सांगतो. सहा वर्षांचा मुलगा गुन्हेगार नसतो. आज चाळिशीत असलेल्या फ्रेंच माणसानेही १९६१ मध्ये कुणाला नदीत ढकललेलं नाही. जॉर्ज या खऱ्या वाक्यामागेच लपतो. चित्रपट त्याला कोंबड्याबद्दल दोषी धरत नाही. कोंबड्याची आठवण करून दिल्यावर त्याने काय केलं, याचा हिशोब मांडतो. गुन्हा एका क्षणी घडतो आणि करणाऱ्याचा असतो. जबाबदारी मात्र आपल्याला कळतं त्या दिवशी सुरू होते आणि त्या गुन्ह्यातून आलेलं घर, खोली, शाळा ज्याच्या वाट्याला येते त्याच्याकडे जाते. जॉर्ज गुन्हा नाकारण्यात इतका गुंततो, की जबाबदारीपर्यंत पोहोचतच नाही.

आपल्याकडे लहानपणापासून शिकवतात, की अल्लाहचे हक्क चुकले तर तौबा आहे, पण हुकूक-उल-इबाद, म्हणजे माणसांचे हक्क बुडवले असतील तर ज्याचे बुडवले त्याच्याकडेच जावं लागतं. जॉर्जला ॲनकडे कबुली देता येते, आईपाशी विषय काढता येतो. आईला तर मजीद आठवायचाच नसतो. ज्याच्याकडे जायला हवं त्या मजीदशी मात्र तो फक्त आरोपीशी बोलावं तसा बोलतो.

हानेके स्वतः ऑस्ट्रियाचे, जन्म १९४२ चा. त्यांच्या देशाने महायुद्धानंतर अनेक दशकं स्वतःला हिटलरचा पहिला बळी म्हणवून घेतलं. आमच्याही हातून गुन्हे घडले, हे सरकारी पातळीवर मान्य व्हायला १९९१ उजाडलं. अशा देशात वाढलेल्या माणसाने दुसऱ्या देशाच्या लपवाछपवीवर चित्रपट केला, त्यामुळे त्यात शेजाऱ्याकडे बोट दाखवण्याचा सूर नाही.

एक आक्षेप मात्र टाळता येणार नाही. ब्रिटिश अभ्यासक पॉल गिलरॉय यांनी लिहिलं होतं, की या चित्रपटात अल्जेरियन माणसाच्या वाट्याला फक्त आत्महत्या येते. खरं आहे. जॉर्जच्या घरातली पुस्तकं, मित्र, जेवणावळी आपल्याला पाठ होतात. मजीदची फक्त एक खोली दिसते. त्याच्या मुलाला तर चित्रपटभर नावही नाही. गोऱ्या माणसाच्या विवेकाची परीक्षा घ्यायला अरबाने रक्त का सांडावं? माझं उत्तर असं, की हा चित्रपट जॉर्जच्या डोळ्यांचा आहे आणि त्या डोळ्यांना मजीद एवढाच दिसतो. पण या उत्तराने आक्षेप मिटत नाही. मजीदच्या बाजूने गोष्ट सांगायला दुसरे चित्रपट लागतात आणि ते आहेतही. झाक पानिजेल यांनी १९६२ मध्येच मोर्चातल्या लोकांना बोलतं करून माहितीपट केला. त्यावर सरकारने अनेक वर्षं बंदी ठेवली. राशिद बुशारेब यांचा २०१० चा चित्रपट तर त्या रात्रीपर्यंत येऊनच संपतो. हेही पाहावेत.

आता आपलं. चर्चेत एक गोष्ट मला खटकली आणि तिची सुरुवात माझ्यापासूनच होते. आम्ही सगळे, न ठरवता, मजीदच्या खुर्चीत जाऊन बसलो होतो. ते स्वाभाविक आहे. नावावरून घर नाकारलं जाणं, संशय आला की पोलीस दारात येणं, हे आपल्यातल्या अनेकांना पडद्यावर पाहावं लागत नाही. १९९२-९३ च्या मुंबई दंगलीवरच्या श्रीकृष्ण आयोगाच्या शिफारशींचं काय झालं, हे आपण विचारतो आणि विचारत राहिलं पाहिजे. पण मजीदची खुर्ची आपल्या नावावर कायमची लिहून दिलेली नाही.

माझ्या आजोबांचं घर आणि मागची मोकळी जागा त्यांच्यानंतर त्यांच्या दोन मुलांच्या नावावर झाली. मुलगी एकच, माझी फुफी. कुराणाने तिला वाटा दिलेला होता. तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली गेली. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. त्या दिवशी घरात बिर्याणी होती आणि फुफी जेवायला थांबली नाही, एवढंच मला आठवतं. त्या मागच्या जागेवर आज आमचं दुमजली घर आहे. वरच्या मजल्यावरच्या खोलीत बसून मी हा लेख लिहितोय.

काही वर्षांपूर्वी फुफीच्या मुलीने एका लग्नात सगळ्यांसमोर हा विषय काढला. मी त्या वेळी सभांमध्ये बायकांच्या हक्कांवर भाषणं करत होतो. माझ्या तोंडून काय निघालं? "आत्ताच कसं आठवलं तुला? कोणी शिकवलं?"

'काशे' दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा मला ते वाक्य ऐकू आलं. 'कोणी शिकवलं' हे आपल्याकडचं 'टेप कोणी पाठवली' आहे. एकतर्फी तलाकवर बोलणाऱ्या बाईला आपण विचारतो, तुझ्यामागे कोण आहे? दंगलीतल्या मृतांचा हिशोब मागणाऱ्याला सरकार विचारतं, तुझ्यामागे कोण आहे? दोन्ही ठिकाणी पाठवणारा शोधायची घाई असते, कारण तो सापडला की कॅसेट पाहावी लागत नाही. त्याचा हेतू वाईट निघाला तर उत्तमच. पण समजा मजीदच्या मुलानेच टेप पाठवल्या. समजा सूड म्हणूनच पाठवल्या. त्याने कॅसेटमधलं घर बदलतं का? माझ्या बहिणीला कोणी वकिलाने भरीस घातलं असेल, तर हक्कसोडपत्रावरची सही खोटी ठरते का, की ती घेण्याची रीत बरोबर ठरते?

म्हणून उत्तर न देणं ही फसवणूक नाही, मित्रा. हानेके यांनी उत्तर दिलं असतं तर आपण सुटलो असतो.

फ्रान्सपुरतं बोलायचं तर गोष्ट हळूहळू सरकते आहे. युद्धाला युद्ध म्हणायला तिथल्या संसदेला १९९९ उजाडलं. २००१ मध्ये सेनवरच्या सेंट मिशेल पुलाजवळ पॅरिसच्या महापौरांनी स्मृतिफलक लावला. २०१२ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओलांद यांनी त्या रात्रीचं रक्तरंजित दमन मान्य केलं. २०२१ मध्ये मॅक्रॉन नदीकाठी गेले आणि हे गुन्हे प्रजासत्ताकासाठी अक्षम्य असल्याचं सांगितलं. टीकाकार म्हणतात, पोलीसप्रमुखाचं नाव घेतलं, पण राज्यसंस्थेचं नाही. फलक, निवेदन, ठराव यांनी मेलेला मजीद परत येत नाही. तरी पडदे ओढून झोपण्यापेक्षा ते बरं.

गेल्या रमजानमध्ये मी फुफीकडे गेलो. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो, त्यातलं निम्मंही बोलता आलं नाही. तिने जागेचं काही विचारलं नाही. कागद पुढे केला तेव्हा त्यात काय लिहिलंय ते कुणी वाचूनसुद्धा दाखवलं नाही, तेवढं सांगितलं. मग म्हणाली, "तुला यायला इतकी वर्षं लागली?" अब्बा आणि चाचांशी माझं बोलणं चालू आहे. काय निघेल ते आज सांगता येत नाही.

चित्रपटाचं शेवटचं दृश्य पिएरोच्या शाळेच्या पायऱ्यांचं आहे. मुलं बाहेर पडतायत, कॅमेरा दूर आणि स्थिर. आमच्यातल्या बहुतेकांना वाटलं, काहीच घडत नाहीये. डाव्या बाजूला खाली बघा. पिएरो आणि मजीदचा मुलगा भेटतात, काही बोलतात, आपल्याला ऐकू येत नाही. कट असेल, ओळख असेल, बापांना जे जमलं नाही ते असेल. या पिढीचं बोलणं अजून लिहिलं जायचंय, असं मी त्या दृश्यापुरतं समजतो.

पुढच्या महिन्यात गटात हा चित्रपट पुन्हा लावणार आहोत. वैतागलेला मित्र येतो म्हणालाय. त्याला आणि तुम्हाला एक विनंती. या वेळी कॅमेरा कुठे ठेवला असेल ते शोधू नका. जॉर्ज मजीदला 'तू कसा आहेस, इतकी वर्षं कसा जगलास' असं किती वेळा विचारतो, तेवढं मोजा.